मेढीपुरती माती

“मेढ मातीतच बसनार,” मोतीबाई चौथ्यांदा म्हणाली आणि कुठे बसणार ते दाखवायला तिनं काठी टेकवली, ती नेमकी वाफ्याच्या मधोमध. “डब्यात नाय. एकदा डब्यात बसवली, तं काय झालं ते समद्या बेलवलीनं पायलंय.”

“आजी, आधी काठी उचल,” उन्नती म्हणाली. “खाली कळी आहे.”

“बघा! भावाचं लग्न आठवड्यावर आलंय आणि हिला कळीचं पडलंय.” ही काशी, उन्नतीची आई. तिचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून येत होता, कारण भांडणासाठी बाहेर यायला तिला वेळ नव्हता आणि आत राहून गप्प बसायची तिला सवय नव्हती.

“ताई, एक बांबू लावायचाय फक्त,” दिपेश म्हणाला. लग्न त्याचंच होतं, त्यामुळे तो मोबाइलमधून डोकं बाहेर न काढता बोलू शकत होता. “एक होल. बांबूला कितीसा होल लागतो?”

“एक बांबू. मग त्याच्याभोवती चौक, मग चार कलश, मग पाच बायका तांब्या तांब्या पाणी ओतणार, मग तुझी वीस पोरं त्यावर नाचणार. कोपऱ्यात लावा ना. मी कोपरा रिकामा करून देते, तिथली रोपं तशीही कुजली.”

“कोपऱ्यात?” मोतीबाईनं नातीकडे पाहिलं. “मेढ म्हंजे काय चपला हायत, कोपऱ्यात काढून ठेवायला?”

इथे उन्नतीचे वडील, बाळाशेठ बोलले. घरात कुणी अवघड बोलू लागलं की ते सोपं करून सांगत, आणि सोपं म्हणजे त्यांच्या सोयीचं. “हे बघ बाय, तुझ्या फुलांना आम्ही आजपर्यंत काही बोललो? नाही ना? मग मेढ बसू दे. लग्न झालं की तिथे परत पेव्हर टाकून घेऊ. अंगण कसं एकसारखं दिसेल.”

“परत पेव्हर?”

“मग काय दारात खड्डा ठेवायचा?”

हे सगळं चाललं होतं सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद मातीवरून. त्यात रॅननक्युलस नावाच्या परदेशी फुलाची चौदा रोपं होती. अंगणात याहून जास्त माती नव्हती, म्हणून भांडणाला दुसरी जागाही नव्हती.

बाळाशेठना लोक शेठ म्हणायला लागले ते जमीन विकल्यावर. त्याआधी ते नुसते बाळा होते आणि तेव्हा त्यांची चार एकर भातशेती होती. शेती मोतीबाई करायची आणि लग्न होऊन आल्यावर काशी. बाळा बांधावर उभा राहून पाणी कमी आहे की जास्त एवढं सांगायचा. त्या चार एकरांवर आता तीन टॉवर आहेत. आलेल्या पैशातून बाळाशेठनी गावठाणातलं जुनं घर पाडून दुमजली बंगला बांधला आणि त्याला नाव दिलं ‘भूमिपुत्र’. सोनेरी अक्षरं, मागून दिवे. मग गेटपासून ओट्यापर्यंत सगळ्या अंगणात लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवले, कारण मातीनं गाडीचे टायर मळतात. अशा रीतीनं भूमिपुत्राच्या अंगणातून भूमी तेवढी गेली. पुत्र सुखरूप होता.

याची पहिली अडचण आली ती उन्नतीच्या लग्नात. मांडवाची मेढ पुरायची तर जमीन लागते, आणि अंगणात सगळीकडे पेव्हर. तेव्हा कुणीतरी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला, त्यात वाळू भरली, वाळूत मेढ उभी केली, डब्याला क्रेपचा कागद गुंडाळला आणि फोटोत तो कुंडीसारखा दिसला. कुणाचीही हरकत नव्हती. मोतीबाईचीसुद्धा नव्हती, आणि तिची असती तर ती चालली असती, कारण मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण धवले गात गात देवांना बोलावते, मेढ बसवते, हळद लावते. चाळीस वर्षं बेलवली-मांजर्लीतली निम्मी लग्नं मोतीबाईच्या गळ्यातून लागली होती. सख्ख्या नातीच्या लग्नात तिनं त्या डब्याभोवतीच सबंध धवले म्हटले. एकही ओळ गाळली नाही.

उन्नतीला दिलं होतं शहाडला, विनीत नावाच्या मुलाला. मुलगा निर्व्यसनी होता. हे स्थळ सांगणाऱ्यानं तीनदा सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. विनीत जे करायचा ते पूर्ण शुद्धीत करायचा. त्यानं उन्नतीला पहिल्यांदा मारलं तेव्हा त्याची आई म्हणाली, दमून येतो गं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा म्हणाली, तूही दमून येतेस, मग बोलतेस कशाला. दुसऱ्या दिवशी उन्नती नेहमीसारखी पहिल्या पाळीला गेली. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ती नमुने तपासायच्या कामावर होती. आठ तास तिनं कुठला रंग किती घट्ट झालाय ते मोजलं, आणि पाळी सुटल्यावर शहाडच्या बसऐवजी बदलापूरच्या बसमध्ये जाऊन बसली. लग्नाला तेव्हा चौदा महिने झाले होते.

पहिले तीन आठवडे घरानं त्याला माहेरपण म्हटलं. चौथ्या आठवड्यापासून कारण शोधायला घेतलं. विनीतचा हात हे कारण कुणालाच पुरेसं वाटेना. हात काय, सगळ्यांनाच असतो. उन्नतीची नोकरी, उन्नतीची पत्रिका, उन्नतीचं तोंड, असं एकेक तपासून झालं. शेवटी मोतीबाईला तो डबा आठवला. मेढ मातीत नव्हती! मग संसार मूळ धरणार कसा? सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डब्याला उलट बोलता येत नव्हतं आणि त्याच्या बाजूनं भांडायला कुणी येणार नव्हतं. पुढची चार वर्षं भूमिपुत्र बंगल्यात जो पाहुणा आला त्याला चहा, बिस्किट आणि डब्याची गोष्ट मिळाली. उन्नती कामावर असली तरी सांगत आणि समोर असली तरी सांगत.

मागच्या ऑक्टोबरात एका रविवारी घरचे सगळे खरवईला कुणाच्या तरी हळदीला गेले होते. उन्नतीला अशा ठिकाणी न्यायचं की नाही यावर घरात नेहमी चर्चा होई आणि चर्चा संपेपर्यंत गाडी निघालेली असे. त्या दिवशी तिनं पहार घेतली आणि ओट्याजवळचे पन्नासेक पेव्हर उचकटून भिंतीशी रचून ठेवले. खाली वाळू लागली, वाळूखाली कडक मुरूम. फूटभर खणून तिचे हात भरून आले तेव्हा ती थांबली. मग बारवीच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून रिक्षानं लाल मातीची आणि शेणखताची पोती आणली. संध्याकाळी गाडी गेटातून आत आली आणि थबकली. बाळाशेठ खाली उतरले, वाफ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “विचारायचं तरी.” विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे दोघांनाही माहीत होतं. काशी म्हणाली, “राहू दे ओ. मन रमेल तिचं.” परवानगी मिळाली ती अशी, औषध दिल्यासारखी.

रॅननक्युलस तिनं ऑनलाइन मागवले होते. पाकिटावर लिहिलं होतं, थंड हवामानासाठी. आता बदलापूरकरांना अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्याच. त्यातली एक म्हणजे जानेवारीतली थंडी. मुंबईत पंखे चालू असतात तेव्हा इथे पहाटे पारा बारावर येतो आणि लोक त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवतात. उन्नतीनं ती थंडी कामाला लावायचं ठरवलं.

पाकिटातून निघाले ते वीस कंद. खेकड्याची पिल्लं उन्हात वाळवून कुणी त्यांचे नुसते पाय ठेवावेत, तसे. कंपनीत नमुना तपासायची एक रीत असते: किती वेळ, किती अंश, किती पाणी. उन्नती तीच रीत घरी घेऊन आली. चार तास पाण्यात भिजवायचे, पाच नाही. मग ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, ठेवून दोन आठवडे फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये खालचा कप्पा भाजीचा आणि बाकी सगळं राज्य सुरमईचं.

“ह्याचं काय करायचं असतं?” काशीनं झाकण उचलून विचारलं होतं.

“काही नाही. पडून राहू द्यायचं.”

“मग बरं. तेवढंच एक जमतं ह्या घरात पोरांना.”

दोन आठवड्यांत पांढरी, दोऱ्यासारखी मुळं आली. नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री गार पडू लागल्यावर, तिनं ते पायांचं टोक खाली करून लावले. सहा कुजले. चौदा उगवले. पानं आली ती हुबेहूब कोथिंबिरीसारखी, आणि मोतीबाईला पुढच्या दोन महिन्यांचा विषय मिळाला. “कोथमीर लावली आसती तं वाटनात तरी पडली आसती. हिचं काय, ना वास ना चव.” पण हीच मोतीबाई एका सकाळी ओट्यावर दात घासता घासता, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, “पानी कमी घाल. पान पिवलं पडतंय, दिसत नाय?” उन्नतीनं पाणी कमी केलं. पानं सुधारली. आवणातल्या भाताची रोपं दुरून नुसती बघून कुठल्याला काय झालंय ते सांगणारी बाई होती ती; सगळं धवल्यांतच गेलं नव्हतं. दुपारच्या उन्हासाठी उन्नतीनं चार काठ्या रोवून वर काशीची जुनी ओढणी बांधली. सकाळी सहाला पाणी, अकराला सावली, पाचला सावली काढायची. मधलं काशी करायची आणि कुरकुरत करायची, पण अकराचे सव्वाअकरा कधी झाले नाहीत.

जानेवारीच्या शेवटी पहिलं फूल उघडलं. पिकल्या पपईच्या रंगाचं, आणि चिरोट्यासारखे पापुद्रे, एकात एक, एकात एक, मोजायला गेलं तर चुकावं असे. काशी हात पुसत बाहेर आली, वाकली, बोटानं हळूच दाबून पाहिलं आणि म्हणाली, “अगदी प्लास्टिकचं वाटतं गं.” त्या घरात याहून मोठी स्तुती नव्हती. दिपेशची होणारी बायको जिज्ञासा एका रविवारी आली, फुलाशेजारी गाल टेकवून तिनं फोटो काढला आणि त्या फोटोला तिच्या साखरपुड्याच्या फोटोपेक्षा जास्त लाइक आले. त्या दिवशी दिपेशला पहिल्यांदा कळलं की आपल्या अंगणात फुलं आहेत.

याच सुमारास बाळाशेठनी उन्नतीला एक लिफाफा दिला. बंगल्याची जागा आणि मागचा कोबा केलेला वाडगा मिळून जे काही तीन गुंठे शिल्लक होते, त्यावर आता टॉवर व्हायचा होता. बिल्डर तयार होता, नकाशा तयार होता, तिसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट दिपेशच्या नावानं ठरलेही होते. फक्त बिल्डरचा वकील म्हणत होता, कायद्यानं मुलीचाही वाटा असतो, तेव्हा मुलीचं हक्कसोडपत्र लागेल.

“रुटीन आहे,” बाळाशेठ म्हणाले होते. “सगळ्यांच्याच पोरी करून देतात. बेलवलीत एक पोरगी सांग, जिनं भावाला सही दिली नाही.”

“आणि मग मी कुठे राहायचं पप्पा?”

“म्हणजे? इथेच. दिपेशकडे. भाऊ काय टाकून देणारे का तुला? आणि तुझं काय, आज आहेस, उद्या दुसरं चांगलं स्थळ आलं की...”

लिफाफा तिच्या बॅगेत जेवणाच्या डब्याशेजारी तीन आठवडे पडून होता. ती नाही म्हणाली नव्हती. खरं म्हणजे सही करायचीच असं तिनं मनात जवळजवळ धरलं होतं. वडील विचारतायत, भावाचं लग्न आहे, आणि बेलवलीतल्या सगळ्या पोरी देतात. राहून जात होतं ते इतकंच, की पाळीवरून आल्यावर आधी वाफ्याकडे जावंसं वाटे आणि मग अंधार पडे.

रविवारचं ते भांडण नेहमीसारखं निकालावाचून संपलं, म्हणजे जो तो आपलंच ठरलंय असं समजून आत गेला. मेढ शुक्रवारी सकाळी बसायची होती.

बुधवारी संध्याकाळी काशी उन्नतीच्या खोलीत आली. हातात उल्हासनगरहून आणलेल्या आहेराच्या साड्या होत्या. खाटेवर बसून ती घडी घातलेल्या साड्या परत उलगडून परत घड्या घालू लागली. असं ती रडायच्या आधी करते.

“दे गं ती जागा,” ती म्हणाली.

“आई, तुलाही वाटतं डब्यामुळे झालं?”

“मला काय वाटतं ते ह्या घरात कोण विचारतं?” काशीनं एक घडी दाबून सपाट केली. “तू परत आलीस तेव्हा रोज एकेक जण येऊन सांगायचा, पोरीचं हे चुकलं, ते चुकलं. मग तुझ्या आजीनं डब्याचं काढलं. मी म्हटलं, बरं झालं. तेवढं एकच कारण असं होतं ज्यात तुझी चूक नव्हती.”

उन्नती साड्या सरकवून तिच्याशेजारी बसली.

“आता मेढ परत डब्यात बसली आणि उद्या दिपेश-जिज्ञासाचं काही कमीजास्त झालं, तर लोक काय म्हणतील? बहिणीनं चार फुलांसाठी माती दिली नाही. जन्मभर तुझ्याकडे बोट. माझ्याच्यानं ते परत ऐकवणार नाही.”

गुरुवारी पाळीवरून आल्यावर उन्नतीनं कात्री घेतली. उघडलेली अकरा फुलं कापून तिनं बादलीत ठेवली. मग रोपं मातीच्या गोळ्यासकट उचलून प्लास्टिकच्या दोन क्रेटमध्ये लावली आणि क्रेट जिन्याखाली सरकवले. त्यांचं काय होणार हे तिला माहीत होतं. रॅननक्युलस एकदा वाढीला लागला की मुळं हलवलेली खपत नाहीत. दोन दिवस मान टाकतो आणि तिसऱ्या दिवशी विषय संपतो. रात्री जेवताना बाळाशेठ म्हणाले, “शाब्बास बाय. समजूतदार आहेस.” आणि उदारपणे पुढे म्हणाले, “टॉवर झाला की गच्चीवर तुला मस्त बाग करून देतो. हिरवं गवत पण टाकू. ते नकली येतं ना, पाणी नको काही नको, तसलं.”

शुक्रवारी सकाळी आठला अंगण भरलं. पाच सवाष्णी, उंबराची फांदी, आंब्याची पानं बांधलेली मेढ, बाळाशेठचे दोन चुलतभाऊ आणि एक फोटोग्राफर. मोतीबाई नऊवारी नेसून ओट्यावर बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण पहिला धवला लावला तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. उन्नती जिन्यापाशी उभी होती. नवरा सोडून आलेली म्हणजे सवाष्ण नव्हे, म्हणून तिला पुढे बोलावलं नव्हतं. चहाचे कप मात्र गोळा करायला सांगितले होते.

पहिला घाव घरच्या कर्त्यानं घालायचा असतो. बाळाशेठनी फेटा नीट केला, पहार उचलली, फोटोग्राफरकडे पाहिलं आणि मारली. मऊ मातीत पहार छान आत गेली. दुसरा घाव. तिसरा. चौथ्याला आवाज आला, टण्ण.

“दगड असेल,” चुलतभाऊ म्हणाले.

बाळाशेठनी पहार वीतभर बाजूला मारली. टण्ण. आणखी बाजूला. टण्ण, आणि या वेळी खालून एक घुमणारा, पोकळ आवाज आला.

“अवो,” काशी तोंडाला हात लावून म्हणाली, “टाकी!”

अंगणाखाली पाण्याची टाकी होती. बाळाशेठनीच बांधून घेतली होती, दहा हजार लिटरची, आणि वर पेव्हर टाकून विसरून गेले होते. उन्नती फूटभर खणून थांबली होती म्हणून तिला ती लागली नव्हती. पहार आणखी दोनदा बसली असती तर वऱ्हाडाचं पाणी वऱ्हाडाच्या आधीच निघून गेलं असतं.

“मग टाकी सोडून इकडे खणा,” एक चुलतभाऊ म्हणाले.

“तिकडे पेव्हरखाली काँक्रीट आहे काका,” दिपेश म्हणाला. “गाडीच्या वजनासाठी. सहा इंच.”

“गेटबाहेर?”

“रोड सिमेंटचा केला ना गेल्या वर्षी.”

“देवळापुढं तरी...”

“फरशी.”

“तुमच्या वाड्यात चला,” बाळाशेठ चुलतभावांना म्हणाले.

चुलतभावांनी घसा खाकरला. त्यांच्या वाड्यात सहा महिन्यांपूर्वीच पार्किंग झालं होतं. मग सगळे भूमिपुत्र आपापल्या मनात बेलवलीभर फिरून आले. ज्यांच्या आजोबांनी इथे नदीपासून डोंगरापर्यंत जमिनी कसल्या, त्यांना हातभर खोल माती सापडेना. एक जण म्हणाला, नदीवर जाऊ. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मुहूर्त चालला होता. मोतीबाई धवला अर्ध्यावर धरून बसली होती. फोटोग्राफरनं घड्याळ पाहिलं.

तेव्हा बाळाशेठ आत गेले आणि बाहेर आले ते तेलाचा डबा घेऊन. हळदीच्या जेवणासाठी आलेल्या डब्यांपैकी एक आचाऱ्यानं रिकामा केला होता. शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली वाळू आली. कुणीतरी क्रेपचा कागदसुद्धा आणला.

“आजी?” दिपेशनं विचारलं.

सगळ्यांनी मोतीबाईकडे पाहिलं. मोतीबाईनं डब्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग लेकाकडे.

“चालतंय,” ती म्हणाली. “भाव आसला की झालं. देव काय डबा बघतंय?”

“तेच तर!” चुलतभाऊ म्हणाले. “हल्ली सगळीकडे डब्यातच असते.”

“माझ्या दोन्ही पोरींची डब्यातच होती,” एक सवाष्ण म्हणाली. “दोघींचं मस्त चाललंय.”

“मग माझ्या वेळी भाव नव्हता का आजी?” उन्नतीनं विचारलं. तिच्या हातात कपांचा ट्रे होता.

मोतीबाईनं उंबराच्या फांदीचं एक पान खुडलं आणि ते बोटात चोळत बसली.

“शुभ दिवशी जुनं काय उकरतेस, बाय?” बाळाशेठ म्हणाले. “डब्याचा काय दोष? ज्याचं त्याचं नशीब असतं.”

अशा प्रकारे चार वर्षांनी डबा निर्दोष सुटला. सुनावणीला एक मिनिटही लागलं नाही. आणि डबा सुटला म्हणजे आरोपी एकच उरला; तो ट्रे घेऊन जिन्याशी उभा होता. काशीनं मान खाली घातली. तिला ते कळलं होतं. बाकीच्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

मेढ उभी राहिली. मोतीबाईनं धवला परत पहिल्यापासून घेतला, पण आवाज आता मघासारखा लागत नव्हता. बायकांनी पाणी ओतलं. फोटो झाले. पेढा वाटला. बाळाशेठ खुशीत होते. मुहूर्त टळला नव्हता आणि टाकी फुटली नव्हती. पेढ्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकून ते म्हणाले, “आणि हो, उन्नती, तो लिफाफा आण. वकील दुपारी जेवायला येतोय. दिवस चांगला आहे, घरचे सगळे जमलेत, साक्षीला काका आहेत. आजच होऊन जाऊ दे.”

“हो ताई, आज करूनच टाक,” दिपेश म्हणाला. “मग बिल्डर सोमवारी ॲग्रीमेंट करणारे.”

उन्नतीनं ट्रे ओट्यावर ठेवला. उकरलेल्या खड्ड्याला वळसा घालून ती पुढे आली आणि जिथे सवाष्णी उभ्या होत्या तिथे उभी राहिली. आवाज चढवला नाही. कंपनीत नमुना नापास झाल्याचं सांगायची तिला रोजची सवय होती.

“पप्पा, सही मी करणार नाही. ह्या जागेत माझा वाटा आहे, तो मी सोडत नाही. वकिलाला जेवायला येऊ दे, त्यालाही तेच सांगेन. दिपेशच्या हळदीला मी थांबणार, वाढायला उभी राहणार. सही नाही.”